उत्तर: फराळासाठी नानकटाई – चाचणीचा अहवाल आणि वाटीचा हिशेब

सस्नेह नमस्कार,

फराळ समितीत ठरल्याप्रमाणे लेस्टरच्या काकूंची नानकटाई मी शनिवारी करून पाहिली. अहवाल देण्यापूर्वीच कबूल करते, की जे तयार झाले त्याला नानकटाई म्हणणे धाडसाचे ठरेल.

काकूंची कृती अशी होती: दोन वाट्या मैदा, त्यातून दोन मोठे चमचे मैदा काढून त्या जागी बेसन, एक वाटी साजूक तूप, एक वाटी पिठीसाखर, पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलची-जायफळ. मी घरातल्या एकाच वाटीने सर्व मोजले. तूप पातळ करून घेतले म्हणजे माप नेमके येईल या समजुतीने ते वितळवून वाटी काठोकाठ भरली, साखरेबरोबर फेटले, चोवीस गोळे वळले आणि ट्रे ओव्हनमध्ये ठेवला. दहाव्या मिनिटाला काचेतून पाहिले तर प्रत्येक गोळा पसरत जाऊन शेजारच्या गोळ्याला मिळालेला होता आणि ट्रेवर एकच एक सोनेरी पोळी पडली होती. चव उत्तम होती; सुरीने चौकोन कापून ठेवले ते मुलांनी संध्याकाळपर्यंत संपवले. परंतु दिवाळीच्या कार्यक्रमात हे चौकोन नानकटाई म्हणून मांडता येणार नाहीत.

पहिला संशय मला मैद्याचा आला. इथे ब्रिटनमध्ये दुकानातल्या फळीवर साधे पीठ आणि सेल्फ-रेझिंग पीठ शेजारी शेजारी असते. दुसऱ्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असल्याने त्यात पुन्हा सोडा घातला तर पदार्थ फुगून बसतो. पाकीट पुन्हा तपासले; पीठ साधेच होते. दुसरी चूक मात्र माझीच निघाली. कृतीत १८० अंश लिहिले होते, ते पंखा नसलेल्या ओव्हनसाठी, म्हणजे जुन्या गॅसच्या ओव्हनवरील चौथ्या आकड्यासाठी असावे. माझ्या ओव्हनला पंखा आहे आणि त्यात १६० पुरेसे होते. तरीही वीस अंशांनी पोळी होईल असे मला वाटत नाही. आता संशय उरतो तो वाटीच्या मापाचा; म्हणून काकूंनी आपली वाटी काठापर्यंत पाण्याने भरून पाण्याचे वजन कळवावे, अशी विनंती आहे. माझी बहीण मेलबर्नला असते. तिकडचा मोठा चमचा २० मिलिलिटरचा आणि आपल्याकडचा १५ चा, यावरून आमचे दोन केक बिघडल्यापासून मी कोणत्याही मापावर विश्वास ठेवत नाही.

आपली,
फराळ समिती, रीडिंग

———

अनेक आशीर्वाद.

तुमच्या पोळीची हकीकत वाचून आधी हसू आले आणि मग ओशाळल्यासारखे झाले, कारण दोष तुमच्या हाताचा नसून माझ्या लिहिण्याचा आहे. मी १९७४ साली सांगलीहून निघताना आईने दिलेली स्टीलची वाटी अजून वापरते. आज सकाळी मुलाचा वजनकाटा घेऊन बसले. वाटीत काठापर्यंत पाणी मावते १६५ ग्रॅम. चाळलेला मैदा सपाट भरला तर ९५ ग्रॅम, भुरभुरीत पिठीसाखर ९० ग्रॅम. पातळ तूप काठोकाठ भरले तर ते होते १५० ग्रॅम.

येथेच खरी गोम आहे. मी तूप पातळ करून कधीच मोजलेले नाही. बरणीतले थिजलेले, रवाळ तूप चमच्याने काढून वाटीत अलगद सोडायचे, दाबायचे नाही, आणि काठाच्या जरा खाली थांबायचे, अशी हाताला सवय आहे. तसे भरलेले तूप काट्यावर ठेवले तेव्हा आकडा आला ११० ग्रॅम! पन्नास वर्षे मी ज्याला एक वाटी म्हणत आले, ती वाटी प्रत्यक्षात पाऊणच होती, आणि तुम्ही माझ्या शब्दाबरहुकूम भरलेली पूर्ण वाटी चाळीस ग्रॅमने जड झाली. तूप एवढे वाढल्यावर गोळा जागेवर थांबणार कसा?

लहानपणीची एक गोष्ट यावरून आठवली. दिवाळीच्या आधी आम्ही मुली मैदा, तूप आणि साखर डब्यांतून घेऊन गल्लीच्या टोकाला असलेल्या भट्टीवर जात असू. तेथला भट्टीवाला आमच्या आयांनी घालून दिलेल्या वाट्यांकडे पाहतही नसे. सगळे तागडीत घालून तो किलोभर मैद्याला सहाशे ग्रॅम तुपाचा हिशेब करी आणि उरलेले तूप डब्यासकट परत देई. आईला वाटे की हा तूप वाचवून नानकटाई कोरडी करतो. आता माझ्याच आकड्यांचा भागाकार केला, तर १९० ग्रॅम पिठाला ११० ग्रॅम तूप, म्हणजे जवळजवळ त्याचेच प्रमाण निघते.

तेव्हा सुधारलेली कृती अशी समजावी: मैदा १७० ग्रॅम, बेसन २० ग्रॅम, थिजलेले तूप ११० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, बाकी पूर्वीप्रमाणे. तूप आणि साखर परातीत तळहाताने पांढरी व हलकी होईपर्यंत फेसावी. यंत्राने फेसायला माझी हरकत नाही, पण यंत्राच्या उष्णतेने तूप पातळ होऊ लागले तर लगेच थांबावे.

लेस्टरच्या काकू

———

सर्वांना नमस्कार,

कोषाध्यक्ष या नात्याने दोन मुद्दे मांडतो. तुपाच्या तयार बरण्या विकत घेण्याऐवजी मीठविरहित लोणी आणून तूप घरी कढवावे, असे मी सुचवतो. २५० ग्रॅमच्या चार वड्यांमधून सुमारे ८०० ग्रॅम तूप मिळते, कारण लोण्यात चारपंचमांश स्निग्धांश असतो आणि उरलेले बहुतेक पाणीच असते. गावी विरजणाच्या लोण्याचे तूप कढवल्यावर वाटीभर बेरी निघायची आणि साखर घालून ती खाण्यासाठी आम्हा भावंडांत भांडणे व्हायची. येथील कारखान्यातल्या लोण्यातून किलोमागे जेमतेम दोन चमचे निघते. तीही फेकू नये, नानकटाईच्या पिठात घालावी. भाजलेल्या दुधाचा तो खमंगपणा वेलचीने येत नाही. आयसिंग शुगरही विकत घेऊ नये. गुठळ्या होऊ नयेत म्हणून तिच्यात बाहेरचे काहीतरी मिसळलेले असते. साधी दाणेदार साखर मिक्सरमध्ये फिरवली की काम होते आणि ती जराशी भरड राहिली तरी बिघडत नाही.

दुसरा मुद्दा नाताळच्या केकचा. अंडे न खाणाऱ्या सभासदांसाठी काय करावे, असे मागे विचारले गेले होते. माझ्या शेजारच्या वृद्ध बाईंचे बालपण रेशनच्या काळातले. १९४० च्या जानेवारीत या देशात अन्नधान्याचे रेशन सुरू झाले आणि ते १९५४ च्या जुलैपर्यंत चालले. ताजे अंडे माणशी आठवड्याला साधारण एक मिळे. त्यामुळे व्हिनेगर आणि सोड्यावर फुगवलेला बिनअंड्याचा केक त्यांच्या घरी दरवर्षी होत असे. रात्री ३५० ग्रॅम सुकामेवा आणि १०० ग्रॅम साखर ३०० मिलिलिटर कडक कोऱ्या चहात भिजत घालावी. सकाळी २५० ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ, ५० ग्रॅम वितळलेले लोणी, दालचिनी, सुंठ व जायफळ घालून, अर्धा छोटा चमचा सोडा आणि सर्वांत शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर घालावे. पंख्याच्या ओव्हनमध्ये १६० अंशांवर सुमारे एक तास लागतो. व्हिनेगर पडताच वायू सुटू लागतो, म्हणून भांडे त्याच क्षणी ओव्हनमध्ये गेले पाहिजे. मी मध्येच फोनवर वीस मिनिटे बोलत राहिलो. परिणामी माझा केक मधोमध बसला आणि पत्नीने त्या खळग्यात दही घालून तो वाढला.

आपला,
कोषाध्यक्ष

———

नमस्कार,

नाताळचा विषय निघालाच आहे, तर स्विंडनमधल्या आम्हा गोव्याच्या मंडळींचा ‘बाथ’ही चाचणीला घ्यावा. हा रवा आणि नारळाचा केक आहे. बारीक रवा २५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, खवलेला नारळ २०० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम आणि तीन अंडी एकत्र करून मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचे, कारण रवा फुगल्याशिवाय केक दाताखाली कचकचतो. एक छोटा चमचा बेकिंग पावडर मात्र सकाळीच घालावी. रात्रीच घातली तर भाजायच्या वेळेपर्यंत तिच्यातला जोर उरत नाही. १६० अंशांवर पाऊण तास पुरतो.

काटकसर म्हणून मी गेल्या वर्षी गोठवलेल्या ओल्या खोबऱ्याऐवजी सुके खोबरे वापरले, तेव्हा केक वाळूसारखा झाला. यंदा १२० ग्रॅम सुके खोबरे तेवढ्याच कोमट दुधात अर्धा तास भिजवून घेतले. आईच्या हाताची चव आली असे म्हणणार नाही, पण एकही तुकडा उरला नाही.

स्विंडन

———

सस्नेह नमस्कार,

दुसरी चाचणी काल रात्री केली. काकूंच्या ग्रॅमने, कोषाध्यक्षांच्या बेरीसह, १६० अंशांवर, सोळा मिनिटे. गोळे चोवीसच झाले. ते बोटभर पसरले, वर तडे गेले, आणि खालची बाजू बिस्किटाच्या रंगाची झाली. मागच्या उजव्या कोपऱ्यातल्या दोन करपल्या, कारण माझा ओव्हन त्या कोपऱ्यात जास्त तापतो. नवव्या मिनिटाला ट्रे फिरवावा, एवढी एक ओळ कृतीत वाढवली आहे. गरम असताना त्या मऊच लागतात, म्हणून कच्च्या राहिल्या समजून पुन्हा भाजू नयेत. थंड झाल्यावर त्या खुसखुशीत होतात.

ओव्हन बंद केल्यावर त्याच्या उरलेल्या उष्णतेत चिवड्याचे पाव किलो पातळ पोहे दोन ट्रेंमध्ये पसरून वीस मिनिटे ठेवले. ते आक्रसले नाहीत आणि बोटांनी चुरडल्यावर कुरकुरीत लागले. म्हणजे नानकटाई आणि चिवडा एकाच दिवशी केल्यास पोहे भाजण्यासाठी वेगळी शेगडी पेटवावी लागणार नाही.

बाथ आणि चहाचा केक डिसेंबरच्या यादीत घेतला आहे. दिवाळीच्या यादीत आता चकलीची भाजणी तेवढी उरली आहे. तिची चाचणी घ्यायला कोण तयार आहे ते कळवावे. कृती काकूंचीच आहे आणि तिच्यात पाच वाट्या तांदूळ असे लिहिले आहे. काकू, ही सांगलीचीच वाटी ना?

आपली,
फराळ समिती, रीडिंग