शुभार्थी म्हणून नोकरी घ्यावी का? पुढे बायोडेटाचं काय?

निळी_डायरी: वय 29, पुणे. बायपोलर. चार वर्षं गोळ्या नियमित, तब्येत जागेवर. ज्या स्वमदत गटात मी शुभार्थी (म्हणजे मानसिक आजार असलेली व्यक्ती) म्हणून जायचे, त्यांनीच आता पीअर सपोर्टची, म्हणजे स्वतःच्या अनुभवातून इतर शुभार्थींना आधार द्यायची, पगारी जागा देऊ केलीय, महिना 18 हजार. काम मनापासून आवडतं. पण जाहिरातीतच लिहिलंय, 'स्वतः मानसिक आजारातून गेलेली व्यक्ती हवी'. म्हणजे उद्या दुसरीकडे मुलाखतीला गेले की त्या एका ओळीवरून सगळं उघड. आधीच्या कंपनीत रजेचं कारण खरं सांगितलं होतं. मॅनेजर गोडच बोलला; फक्त नंतर क्लायंटच्या कॉलला मला बोलावणं बंद झालं. घ्यावी का?

सडेतोड_सातारकर: बिनधास्त घे. तुमच्या पुण्यातच 1986 पासून मुक्तांगण आहे. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच दुसऱ्यांना सावरतात, तिथे अनुभव हीच डिग्री. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे. घाबरायचं कुणाला?

भरतीवाली_ताई: सातारकर, दारू सोडलेल्याचा गावात सत्कार होतो. बायपोलरवाल्याला कुणी हार घातलेला पाहिलाय? 11 वर्षं एचआरमध्ये आहे. 'आजार आहे म्हणून नको' असं आम्ही कधीच लिहीत नाही, 'टीममध्ये बसणार नाही' असं लिहितो. आणि नोकरीतल्या भेदभावाला मनाई करणारं कलम 20 सरकारी आस्थापनांपुरतं आहे. खासगीवाल्यांनी समान संधीचं धोरण करायचं असतं. आमच्याकडे आहे की, फायलीत! निळी, नोकरी घे, पण ऑफर लेटरवर 'समुदाय समन्वयक' लिहून माग.

शुभंकर_काका: याला माझा विरोध. मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. डॉक्टर सांगून थकले, मी पाया पडलो, तो गोळी घेईना. गटातल्या एका पोरानं खिशातून स्वतःची पट्टी काढली, म्हणाला, "माझ्या रात्रीच्या दोन असतात, झोप जाम येते, पण सकाळी आवाज नसतात." त्या रात्री मुलानं गोळी घेतली. तो पोरगा 'समन्वयक' म्हणून आला असता तर पट्टी दाखवली असती का?

भरतीवाली_ताई: काका, तो पोरगा आता कुठे आहे?

शुभंकर_काका: सोडलं त्यानं. लग्न जमत नव्हतं. मेव्हण्याच्या मोबाइलच्या दुकानात बसतो.

भरतीवाली_ताई: बघा. हेच म्हणत होते.

निळी_डायरी: काका, गटात त्याला पगार किती होता?

शुभंकर_काका: पगार कसला, मानधन. 6 हजार.

निळी_डायरी: मग मुली आजाराला नाही म्हणत होत्या, की सहा हजारांना?

सडेतोड_सातारकर: दोन्हीला, खरं सांगायचं तर.

निळी_डायरी: असेल. पण नाव बदलून पहिली अडचण फक्त झाकली जाईल, दुसरी तशीच राहील. सोमवारी भेटायला बोलावलंय. पदनाम आहे तेच ठेवा म्हणते आणि 25 मागते.

भरतीवाली_ताई: 28 माग. 25 वर आणतील.