‘जिवावर येणे’, ‘मन खाणे’ आणि ‘लिहवत नाही’

प्रश्न (धरणगाव)
एक शब्द हवा आहे. मालकाने सांगितलेलं काम आपल्याला पाप वाटतं आणि तरी ते आपल्याच हातून करवून घेतलं जातं, तेव्हा आत जे होतं त्याला काय म्हणावं? मी दोन हंगाम एका खासगी जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) काट्याशेजारी बसून कापसाचा ओलावा लिहायचो. सरकारी खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे टक्क्याला टक्का कटती, 12 च्या वर माल परत. आमच्याकडेही तोच हिशोब होता. पहिल्याच हंगामात एका संध्याकाळी शेवटच्या गाडीत मीटर खुपसलं, आकडा आला 9. मागून आवाज आला, ‘11 लिही.’ गाडी 15 क्विंटलची, म्हणजे 30 किलो कापसाचे पैसे गेले. गाडीवाले बाबा रुमालाने तोंड पुसत माझ्या पेनाकडे बघत होते. मी 11 लिहिलं. घरी आईला म्हटलं, ‘फार जिवावर आलं होतं.’ आई म्हणाली, ‘जिवावर तर तुला पहाटे उठायलाही येतं.’ तेव्हापासून शब्द शोधतोय.

उत्तर (अमळनेर)
धर्मसंकट.

उत्तर (साक्री)
नाही पटलं. धर्मसंकटाला दोन्ही बाजूंना धर्म लागतो. इथे एका बाजूला फार तर ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ आहे, आणि ते मीठ तरी कुठून आलं? त्या बाबांच्याच कापसातून. ‘नाइलाज’ही नको. फारसी ‘ना’ आणि अरबी ‘इलाज’, म्हणजे उपाय नाही. हा शब्द करणाऱ्याच्याच तोंडी ऐकू येतो, ज्याच्यावर बेततं तो कधी ‘त्यांचा नाइलाज होता’ म्हणत नाही.
मी ‘मन खाणे’ म्हणेन. आमच्याकडे अहिराणीत ‘मन खास’. यात मन कर्ता आहे आणि माणूस कर्म: मन मला खातं. पण हे खाणं शाई वाळल्यावर सुरू होतं. पेन हातात असताना ‘मन धजत नाही’ म्हणतात. तुम्हाला कोणत्या वेळेचा शब्द हवा आहे?

उत्तर (शहादा)
मी 30 वर्षं मराठी शिकवलं. भाऊ, नाम शोधू नका, क्रियापद बघा. ‘मी लिहीत नाही’ म्हटलं तर मालकाला उद्धटपणा वाटेल. ‘मला लिहिता येत नाही’ हे खोटं होईल. आणि ‘मला लिहवत नाही’? हे शक्य क्रियापद, म्हणजे करणं जमतं की नाही ते सांगणारं. धातूला ‘व’ लागतो आणि ‘मी’चा ‘मला’ किंवा ‘माझ्याच्याने’ होतो. ‘मी ट्रॅक्टर चालवत नाही’ हे प्रयोजक (दुसऱ्याला करायला लावणारं), ‘मला चालवत नाही’ हे शक्य. रूप सारखं, अर्थ फार लांबचा. तापातून उठलेला माणूस म्हणतो, ‘चालवत नाही.’ मयताच्या घरी म्हणतात, ‘घास गिळवत नाही.’ पायातली ताकद संपली तरी हेच रूप, मनाने हात धरला तरी हेच. यात कुणावर आरोप नाही, माघारही नाही. वर म्हटलेल्या ‘धजत नाही’मध्ये भीतीची छटा येते, इथे तीही नाही. नोकरीतल्या माणसाला मराठीने दिलेलं हे फार मोठं रूप आहे असं मला मनापासून वाटतं.

धरणगाव
सर, दुसऱ्या हंगामात मी हेच बोललो होतो, फक्त याला काही नाव आहे हे माहीत नव्हतं. ‘शेठ, माझ्याच्यानं नाही लिहवत.’ शेठ रागावले नाहीत. वही ओढून घेतली आणि मला गाठी मोजायला पाठवलं. पगार तेवढाच राहिला. पण माझ्या जागी बसलेला पोरगा 11 लिहीतच होता, म्हणून हंगाम संपल्यावर परत गेलो नाही.
ते बाबा एरंडोलकडचे. गावाचं नाव पावतीवर मीच लिहिलं होतं. मोटारसायकलने तासाभराचाही रस्ता नाही. अजून तिकडे जाववलेलं नाही.