मे महिन्यात २ टक्के हार्डनर नको

कारच्या दारात स्पीकर बसवायला फायबरग्लासचा माउंट (बैठक) बनवताना पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) २ टक्के हवाच, नाहीतर माउंट चिकट राहतो, असं सांगतात. चिकटपणाचं पटतं भो, पण हा आकडा जळगावच्या मे महिन्याला लावू नका. पारा ४४ वर असताना मी डाव्या दाराच्या स्पीकर-रिंगवर फ्लीस (लवदार कापड) ताणून २ टक्क्यांचंच मिश्रण केलं. अर्ध्यावर ब्रश फिरला नाही तोच डब्यात जेली, आणि डबा हातात धरवेना. ब्रश गेला, फ्लीसही गेलं. उजव्या दाराला पहाटे साडेपाचला बसलो: हार्डनर १ टक्का, एका वेळी जेमतेम १०० ग्रॅम माल, तोही पसरट ताटलीत. खोल डब्यात उष्णता कोंडते, माल लवकर आवळतो. फायबरग्लास मॅटचे थरही दोन-दोनच चढवले. एकदम जाड केलं की तापून तडकतं. १ टक्क्याच्या खाली मात्र जाऊ नका, मग खरंच चिकट राहील.

आणि एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या) रिंगला मागूनही रेझिन पाजा. दाराच्या आत पावसाचं पाणी उतरतंच, रिंग फुगली की स्क्रू धरत नाहीत.