बॉस्टनच्या झाडाला सासूबाईंनी हात जोडले. चुकलं का?

पायाला_भिंगरी:
नणंदेकडे बॉस्टनला आलोय. गुरुवारी संध्याकाळी जेवायला म्हणून निघालो, पार्क स्ट्रीट स्टेशनातून वर आलो तर समोर बॉस्टन कॉमन या मोठ्या बागेत तोबा गर्दी. ख्रिसमसच्या झाडाचे दिवे लागणार होते. थांबलो. लाल डगल्यातला कॅनडाचा पोलीस पोरांसोबत फोटो काढून घेत होता. दहापासून उलटे आकडे झाले, झाड लखलखलं आणि सासूबाईंनी हातमोजे काढून काखेत धरले, नमस्कार केला. तुळशीला करतात तसा. नणंद ओशाळली, "अगं आई, देव नाहीये तो!" घरी रात्रभर हाच वाद.

हे झाड कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातून भेट येतं. ६ डिसेंबर १९१७ ला तिथल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याचं जहाज दुसऱ्या जहाजाशी टकरून पेटलं, फुटलं. दोनेक हजार माणसं गेली. बॉस्टनहून त्याच रात्री डॉक्टर-नर्सना घेऊन रेल्वे निघाली, वाटेत हिमवादळाशी झुंजत पोचली. पुढच्या वर्षी तिकडून झाड आलं. उपकार स्मरणाऱ्या झाडापुढे हात जोडले तर बिघडलं कुठं?

कडक_कोकणी:
गोष्ट गोड आहे, पण अर्धीच. १९१८ ला एक झाड आलं, मग कित्येक वर्षं शुकशुकाट. १९७१ ला प्रथा परत सुरू केली ती नोव्हा स्कोशियातल्याच लुननबर्गच्या ख्रिसमस ट्री उत्पादकांनी. उपकाराची जाण होतीच, पण अमेरिकेत झाडंही खपवायची होती. नमस्कार जाहिरातीला पोचला म्हणायचा.

पायाला_भिंगरी:
आमच्या गणपतीच्या कमानीवर पानमसाल्याची जाहिरात असते. मग आत जाऊन हात बांधून उभं राहायचं?

वसईची_पोर:
मी ख्रिस्ती. आमच्या घरी नाताळचा जीव येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यात, झाड आपलं शोभेला. काकूंना पाहून मला हसू आलं असतं, राग नाही. राग येतो तो "हा काही धार्मिक सण नाही हो" म्हणणाऱ्यांचा. २००५ ला बॉस्टन शहराच्या वेबसाइटवर याच झाडाला 'हॉलिडे ट्री' म्हटलं होतं, तर झाड देणारा गडीच भडकला.

खवचट_खान्देशी:
ताई, याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ला नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता. लावणारे कोण, तर प्युरिटन, म्हणजे कट्टर ख्रिस्तीच. १६८१ ला उठला. तेव्हा कोणाचा सण कसा, हे जरा दमानं.

वसईची_पोर:
दंड त्यांनी लावला, त्याची पावती माझ्या नावावर कशाला फाडता?

कडक_कोकणी:
विषय भरकटला. माझं म्हणणं एवढंच की पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं. टाळ्या वाजवा, गरम काहीतरी प्या, घरी या. प्रत्येक उजेडाला आपली आरती कशाला?

पायाला_भिंगरी:
सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. उपकार, हॅलिफॅक्स त्यांच्या गावीही नव्हतं. म्हणाल्या, "एवढं मोठं झाड मुळापासून तोडून आणलंय. मी माफी मागत होते त्याची."

कडक_कोकणी:
हे आधी सांगायचंत ना! आक्षेप मागे. अर्धा.