जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) की बी.एस्सी. नर्सिंग? पुढे एम.एस्सी. करायचीच आहे (नाशिक)

निफाडची_पोर:
बारावी सायन्स, पीसीबीला (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) ६१ टक्के. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिली आहे, मार्क बरे आहेत. घराजवळ जीएनएमची सीट आत्ताच मिळतेय, फीसुद्धा कमी. आमची मावशी उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावची नर्स आहे. तिचं म्हणणं, "जीएनएम कर, तीन वर्षांत पगार सुरू, बाकीचं नंतर बघ." मला मात्र पुढे शिकवायचंय, म्हणजे एम.एस्सी. हवीच. पप्पांची द्राक्षबाग यंदा पावसात गेली, त्यामुळे पैशांचा विषय घरात काढवत नाही. काय करू?

नाईटड्युटी_सातपूर:
मावशीचं चूक नाही, पण वर्षं मोज. जीएनएम ३ वर्षं, त्यावर पोस्ट बेसिक बी.एस्सी. (जीएनएमनंतरची डिग्री) २, म्हणजे ५. सरळ बी.एस्सी. ४ वर्षांत, आठ सेमिस्टर, शेवटचं सेमिस्टर इंटर्नशिपचं. मी पहिल्या रस्त्याने गेले. मधे नोकरी, लग्न, बाळ आलं आणि पाचाची नऊ वर्षं झाली. "नंतर बघू" मधलं नंतर लवकर येत नाही गं.

जीएनएमला मात्र नावं ठेवणार नाही. आमच्या वॉर्डात सात महिन्यांचं बाळ होतं, जुलाबाने पार सुकलेलं. नवी बी.एस्सी. सिस्टर तिसऱ्यांदा सुई घालत होती, शीर काही सापडेना, आई रडतेय. जुन्या जीएनएम सिस्टर आल्या, ग्लोव्हची पट्टी फाडून मनगटावर बांधली, तळहात आपल्या हातात धरून ऊबवला, बोटाने चाचपलं आणि एका टोच्यात सलाईन सुरू. त्याच सिस्टर एम्सच्या नॉरसेटचा, म्हणजे नर्स भरती परीक्षेचा, फॉर्म भरायला बसल्या तेव्हा कळलं, जीएनएमला ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्यांची सगळी नोकरी पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये गेलेली. बी.एस्सी.ला ती अटच नाही. हात कोणाचा चांगला, हे फॉर्म विचारत नाही.

तुझ्याकडे पीसीबी आहे, हे विसरू नकोस. आर्ट्सवाल्या मुलींना जीएनएमच करावं लागतं, तुला निवड आहे.

आता पैसे. सीट कॅप राऊंडमधूनच, म्हणजे सीईटीवरच्या सरकारी प्रवेशफेरीतूनच घे. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि तू ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये येत असशील, तर २०२४-२५ पासून मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी सरकार भरतं. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर नाही. होस्टेल, मेस, युनिफॉर्म मात्र तुमचंच. पप्पांना आधी एवढं सांग, उत्पन्नाचा दाखला तलाठ्यापासून आजच सुरू करा म्हणावं.

गंगापूररोड_ब्रदर:
ताईंच्या मताशी अर्धा सहमत. बी.एस्सी. करून लगेच एम.एस्सी.ला बसता येत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानं निदान ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो, शिवाय नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचा अनुभवही धरतात. म्हणून जीएनएम करून नोकरी केली तर ती वर्षं अगदीच वाया जात नाहीत. पण तिचे पप्पा चार वर्षं कशीबशी ओढू शकत असतील तर मीही बी.एस्सी.च म्हणेन.

निफाडची_पोर:
ताई, कॅपचं माहीतच नव्हतं! कॉलेज कसं तपासू? एक जण ओरिजिनल कागद आधी जमा करा म्हणतोय.

नाईटड्युटी_सातपूर:
एजंट असेल तर फोन ठेव. आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळलाच आहे, दिंडोरी रोडला. संलग्न कॉलेजांची यादी त्यांच्या साईटवर बघ, कौन्सिलची यादीही बघ. मग एक दिवस कॉलेजात जा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींना एवढंच विचार: क्लिनिकलला, म्हणजे पेशंटजवळच्या प्रॅक्टिकलला, कुठल्या हॉस्पिटलला नेतात, आणि खरंच नेतात का? लेबर रूम लांबूनच दाखवणारी कॉलेजंही मी पाहिली आहेत.

ओरिजिनल द्यावे लागले तर यादीसकट सही-शिक्क्याची पोच घे. पोस्ट बेसिकला प्रवेश घेताना माझी बारावीची मार्कलिस्ट आधीच्या ठिकाणी अडकली होती. क्लार्क म्हणे, "तुम्ही दिलीच नव्हती." पोच नव्हती. एक राऊंड गेला माझा.

आणि मावशीला दुखवू नकोस. फर्स्ट इयरला बीपी घ्यायला तुला तीच शिकवणार आहे.

निफाडची_पोर:
मावशी शेजारीच बसून वाचतेय 😄 म्हणते, बीपीचं यंत्र माझ्याकडचं जुनं आहे, पारा वर चढून अडकतो, पण चालेल. उद्या पप्पांबरोबर तलाठ्याकडे जातेय.