सहा एकर माळ सोलरवाल्यांना भाड्यानं द्यावा का?

माळावरचा_पाटील: आमची सहा एकर आहे, मुरमाड, कोरडवाहू, बाजरी-मटकी निघाली तर निघाली. सबस्टेशन दोनेक किलोमीटरवर. परवा एजंट आला, म्हणे सौर कृषी वाहिनीत (शेतीपंपांना दिवसा सौर वीज द्यायची सरकारी योजना) द्या, एकरी ५० हजार वर्षाला, दरसाल ३ टक्के वाढ. वडील म्हणतात घरबसल्या तीन लाख कोण देतंय, धाकटा म्हणतो करार पंचवीस वर्षांचा, म्हणजे आपली हयातच गेली की. कुणी दिलीय का?

कोरडवाहू: रेट बरोबर आहे, योजनेतच हेक्टरी सव्वा लाख आहे. पण एका मेगावॅटला साधारण चार एकर लागतात, म्हणून ते आजूबाजूचेही तुकडे मागणार, तेव्हा येण्याजाण्याच्या वाटेचं आधी बोलून घ्या. एजंटला टोकन-बिकन एक रुपया द्यायचा नाही.

बंगळुरूकर: मी पावगड्याला जाऊन आलोय, कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात. २०५० मेगावॅटचं सोलर पार्क, जवळजवळ १३ हजार एकर, आणि जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाड्यानं घेतलीय, सुरुवातीला एकरी २१ हजार आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. सततचा दुष्काळी तालुका, त्यामुळे जमीनवाल्यांना बरं झालं. पण ज्यांच्या नावावर गुंठाही नाही त्यांची खुरपणी-कापणीची मजुरी गेली, शेळ्या चारायला जागा राहिली नाही. हे तुमच्या गावातही होणार, बघा.

दादा_४४: आम्ही चार एकर दिली. करारावर सह्या झाल्या आणि पुढे १४ महिने एक खड्डा नाही, भाडं नाही, आणि पेरायचीही चोरी. कंपनीचं म्हणणं काम सुरू झाल्यावरच मीटर चालू. तेव्हा भाडं सही झाल्या दिवसापासून हे लिहून घ्या, आणि शेवटी पॅनल, खांब, काँक्रीट कोण उपसणार तेही. अजून एक, ३ टक्क्यांनी २५व्या वर्षी एकरी लाखाच्या आसपास होतात, ऐकायला भारी वाटतं पण तेव्हा लाखात काय येणार देव जाणे.

माळावरचा_पाटील: हे सहीच्या तारखेचं डोक्यातच नव्हतं, आभारी आहे दादा. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे, चालतं का?

कोरडवाहू: नाही, जमीन बोजामुक्त लागते, आधी उतरवा.

माळावरचा_पाटील: ते होईल हो. पण वाट चुलत्याच्या बांधावरून आहे आणि त्यांच्याशी दहा वर्षं बोलणं बंद आहे 😅