टेक्ससच्या तळ्यातला ट्राउट घरी न्यावा की सोडावा?
वर दोघातिघांनी लिहिलंय की पार्कच्या तळ्यात पकडलेला ट्राउट मासा परत सोडणंच योग्य, घरी नेला तर तळं रिकामं होईल. कोलोरॅडोच्या थंड ओढ्यांतल्या जंगली माशांबाबत अगदी मान्य. पण टेक्ससच्या तळ्यांना हे लागू पडत नाही. इथे राज्याचा वन्यजीव विभाग रेनबो ट्राउट फक्त हिवाळ्यात सोडतो, आणि तेही लोकांनी पकडून खावेत म्हणूनच. पाणी २१ अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्यांचे हाल सुरू होतात, इथला उन्हाळा ते काढूच शकत नाहीत. शिवाय अंडी घालायला थंड, वाहतं पाणी आणि खडीचा तळ लागतो, त्यामुळे तळ्यात पुढची पिढीही होत नाही. तेव्हा दिवसाला ५ ची मर्यादा पाळा आणि खुशाल घरी न्या. किमान लांबीची अट नाही, १७ वर्षांखालच्या मुलांना लायसन्सही लागत नाही.

ज्यांना सोडायचाच आहे त्यांनी पिठाचं आमिष तरी टाळावं. ट्राउट ते गळासकट घशात घेतो. अशा वेळी गळ ओढू नका, दोरी तोंडाजवळ कापा.

साफ करताना खवले काढायची गरज नाही, इतके बारीक असतात. बुळबुळीतपणा मात्र मीठ चोळून घालवा, आणि पोटात कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडून काढा. आमच्याकडे मग हळद, तिखट, आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून रव्यात घोळवून तळतो. मुलं काट्यांची तक्रार न करता खातात.